नवऱ्याचा हेवा

बायका जावेवर जळतात, नणंदेवर जळतात, शेजारणीच्या पाटल्यांवर जळतात. मी माझ्या नवऱ्यावर जळले. एक-दोन दिवस नाही, चांगली चार-पाच वर्षं. त्यानं दुसरी बाई आणली नव्हती, की माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. तो आमच्या मुलीची आई माझ्यापेक्षा चांगली झाला होता, एवढंच. हे वाक्य लिहायला मला आजवर धीर झाला नाही. आता लिहिलंय तर लिहिलंय.

समोर मी त्याला अहोच म्हणायचे. इथं ‘तो’ म्हणतेय, कारण रागानं लिहायला बसलं की ‘ते’ हातातून उतरत नाही.

सत्तरनंतरची ती वर्षं. मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होते. बाहेरगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे नोंदवावा लागे. मग आम्ही पुणं, बार्शी, करमाळा, जिथला हवा तिथला ऑपरेटर गाठायचो आणि दोन्ही टोकं दोरीनं जोडून द्यायचो. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, लुकलुकणारे दिवे आणि जिभेवर साखर. नवी पेठेतला एखादा व्यापारी अंगावर ओरडला तरी ‘थांबा हं, लाइन बिझी आहे’ असं गोड म्हणायचं. घरी येईपर्यंत ती साखर संपलेली असायची, आणि उरलेलं घरच्यांच्या वाट्याला यायचं.

ड्यूटीचा तक्ता दर शनिवारी भिंतीवर लागायचा. सकाळी सहाची, दुपारी एकची, नाहीतर तुकड्याची. तुकड्याची म्हणजे सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, मधे घरी जाऊन या. आताच्या मुली ऑफिसात सोयीच्या वेळा मागतात म्हणे, आणि त्यांना मिळतातही. आमच्या वेळी एकच सोय होती, दुसरीचे पाय धरायचे. तुझी ड्यूटी मी करते, माझी तू कर, असं कागदावर लिहून दोघींनी सह्या करायच्या आणि तो कागद सुपरवायझर बाईंपुढं ठेवायचा. त्याला आम्ही ‘म्युच्युअल’ म्हणायचो. बाई चष्म्यावरून बघायच्या. ‘कारण?’ मुलीला ताप, मुलीचं पोट बिघडलं, मुलीचे दात येतायत. ‘बोर्डाला मुलं नसतात,’ असं म्हणून बाई सही करायच्या. सही करायच्या हे खरं, पण ते वाक्य ऐकवल्याशिवाय कधी केली नाही.

नवरा कॉलेजात इतिहास शिकवायचा. सकाळचं कॉलेज. सातला जायचा आणि साडेअकराला त्याची सायकल दारात हजर. पुढचा सगळा दिवस त्याचा स्वतःचा. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, बरं झालं, दुपारचा घरी असतो, तुला सोबत होईल. मला कुठली सोबत? मी बोर्डावर. सोबत झाली ती मुलीला.

मुलगी वर्षाची होईपर्यंत सासूबाई आमच्याकडे होत्या. मग वैरागला धाकट्या जावेचं बाळंतपण निघालं आणि त्या गेल्या. जाताना मला म्हणाल्या, ‘नोकरी सोड की आता. पोरगी कुणाच्या जिवावर टाकतीस?’ मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, ‘मी हाय की.’ आईशी बोलताना त्याचा प्राध्यापक गळून पडायचा. मला इतकं भरून आलं तेव्हा! त्याच्या त्या एका वाक्यावर माझी नोकरी राहिली. तेच वाक्य पुढं माझ्या डोळ्यांत खुपायला लागेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आम्ही नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खाली घरमालक, त्यांचं पेठेत कापडाचं दुकान. मालकीणबाई अक्कलकोटकडच्या, घरात कानडी आणि आमच्याशी मराठी. मी सकाळच्या ड्यूटीला असले की नवरा कॉलेजातून येईपर्यंत मुलगी त्यांच्याकडं असायची. बाई मनानं चांगल्या, पण माझ्या नवऱ्याचं कौतुक करायला लागल्या की त्यांना दम लागायचा नाही. त्याला दोरीवर दुपटी वाळत घालताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी चार घरी सांगून आल्या. मला जिन्यातच गाठून म्हणाल्या, ‘यव्वा! काय माणूस हाय की तुमचा! देवमाणूस. लई पुण्य केलं असंल तुमी.’

अहो, ती दुपटी मी पहाटे उठून धुतली होती. भाकऱ्या थापल्या, भाजी टाकली, दुपटी धुऊन पिळून बादलीत ठेवली आणि सहाच्या ड्यूटीला पळाले. त्यानं फक्त दोरीवर टाकली. तो देवमाणूस. मला कुणी देवबाई म्हटल्याचं आठवत नाही.

पण हे वरवरचं झालं. खरी आग वेगळीच होती. मी ड्यूटीवरून यायचे तेव्हा ती दोघं चटईवर बसलेली असायची, तिचे केस तेल लावून विंचरलेले, दोन वेण्या, रिबिनी सारख्या लांबीच्या. मी घातलेल्या वेण्या कायम एक वर, एक खाली. मी हात धुऊन तिला घ्यायला जायचे आणि ती म्हणायची, ‘थांब, बाबाची गोष्ट संपू दे.’ गल्लीतल्या इतर पोरी बापाला ‘अहो बाबा’ म्हणायच्या, बाप घरात आला की गप्प व्हायच्या. आमची म्हणायची ‘ए बाबा’. ठेच लागली की पोरं ‘आई गं’ म्हणून रडतात. आमची ‘ए बाबा’ म्हणून रडायची, आणि मी तिथंच उभी असायचे.

एकदा तिला जुलाब लागले होते. मी रजा काढून डॉक्टरकडं नेलं, तोही बरोबर होता. डॉक्टरांनी मला विचारलं, ‘किती वेळा झाले? रंग कसा होता? रात्री पाणी किती प्यायली?’ मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं सगळं घडाघडा सांगितलं, अगदी वेळेसकट. डॉक्टरांनी खुर्ची सरकवून त्याच्याकडं तोंड केलं आणि पुढचं सगळं त्यालाच सांगितलं. गोळी कशी द्यायची, डाळीचं पाणी किती द्यायचं. मी पर्स मांडीवर धरून नातेवाइकासारखी बसून होते. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘काय झालं? गप्प का?’ मी म्हटलं, ‘काही नाही, ऊन लागतंय.’

तो काही चुकीचं करत असता तर भांडता तरी आलं असतं. तो चुकतच नव्हता हो! तिची नखं वेळेवर, झोप वेळेवर, औषध वेळेवर. मी कधी सुट्टीच्या दिवशी हौसेनं तिला भरवायला बसले, की तो आतून सांगायचा, ‘भातात तूप आधी घाल, नाहीतर ती खात नाही.’ बरोबरच असायचं ते. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ती चार वर्षांची असताना पिठोरी अमावास्या आली. आमच्याकडं त्या संध्याकाळी आई पाटावर बसते, खीरपुरीचं ताट डोक्यावर धरते आणि मागं न बघता विचारते, ‘अतीत कोण?’ मूल पाठीमागून म्हणतं, ‘मी.’ असं तीनदा झालं की आई ताट तसंच मागं देते. मुलांसाठी आईनं करायचं. वर्षभर बापानं काहीही केलेलं असो, या पाटावर त्याला जागा नाही. मी तर त्या दिवसाची महिनाभर वाट बघत होते. आधीची तीन वर्षं ती लहान होती, नुसतीच मागं बसायची. यंदा तिला बोलता येत होतं. मी तिच्याकडून आठवडाभर पाठ करून घेतलं, ‘अतीत कोण म्हटलं की काय म्हणायचं?’ ‘मी!’ असं ती गच्चीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची.

त्या दिवशी माझी दुपारी एक ते रात्री आठ अशी ड्यूटी होती. मी म्युच्युअल करून ठेवलं होतं. पाच वाजता दुसरी ऑपरेटर येऊन मला मोकळं करणार होती, बदल्यात मी तिचा रविवार करणार होते. पाच वाजले, सव्वापाच झाले. ती आलीच नाही. साडेपाचला निरोप आला, तिच्या मुलाला एकदम ताप भरलाय. आता काय बोलणार? तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते. सुपरवायझर बाई म्हणाल्या, ‘बोर्ड रिकामा सोडता येणार नाही.’ मी बसून राहिले. गोड आवाजात बार्शी जोडलं, लातूर जोडलं, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पदरानं पुसलं.

घरी पोचले तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. पाट मांडलेला तसाच होता. मुलगी झोपली होती, ओठाला खीर लागलेली. नवरा म्हणाला, ‘तिला झोप आवरेना. सारखी म्हणत होती, आई कधी येणार. मग मीच बसलो पाटावर. तिनं तीनदा मोठ्यानं म्हटलं, मी! तू ऐकायला पाहिजे होतंस.’

तो खरोखर आनंदानं सांगत होता. मला वाटलं, पाट उचलून भिंतीवर आपटावा. मी म्हटलं, ‘एवढं एक तरी माझ्यासाठी सोडायचं होतंत.’

‘अगं, पण ती वाट बघून…’

‘उपाशी झोपू द्यायची होती! उठवली असती मी. साडेआठला उठवून दिली असती. तुम्हाला सगळंच पाहिजे का? दूध तेवढं माझं प्यायली, तेही तुम्हाला जमलं असतं तर पाजलं असतंत!’

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं बोलले. त्यानं पाट उचलून जागेवर ठेवला आणि मला ताट वाढलं. मी जेवले नाही. तो शांत बसला याचासुद्धा मला राग आला.

त्यानंतर पंधरा दिवसांत करमाळ्याच्या कॉलेजातून त्याला विचारणा झाली. विभागप्रमुखाची जागा होती, दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. करमाळा काही रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही. सोमवार ते शनिवार तिथं राहायचं, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचं. त्यानं पत्र वाचलं, घडी घालून पुस्तकात ठेवलं आणि म्हणाला, ‘नाही म्हणून कळवतो. पोरीचं कसं होईल?’

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, ‘मी काय मेलेय?’

‘तसं नाही गं. तुझ्या ड्यूट्या…’

‘कायमची सकाळची मागून घेते. सहा ते एक. सकाळी ती मालकीणबाईंकडं आणि बालवाडीत, दुपारी एकनंतर मी घरी. प्रमुखाची जागा सारखी सारखी चालून येते का? तुमच्या मागून आलेले कुठल्या कुठं गेले. लोक मलाच नावं ठेवतील, बायकोच्या नोकरीपायी नवरा मागं राहिला.’

हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि सगळं खोटं होतं. मला त्याच्या प्रमुखपणाचं काडीचं पडलं नव्हतं. मला माझी मुलगी पाहिजे होती, आणि तो मधे होता. त्यानं ते पत्र पुस्तकातून पुन्हा बाहेर काढलं. मग विचारलं, ‘तुला मी जायला पाहिजे आहे का? खरं सांग.’

मी म्हटलं, ‘तुमच्या भल्यासाठी सांगतेय.’

तो गेला. मी सुपरवायझर बाईंचे उंबरे झिजवून कायमची सकाळची ड्यूटी पदरात पाडून घेतली. बाकीच्या ऑपरेटरांनी नाकं मुरडली, कारण सकाळची सगळ्यांनाच हवी असायची. अडल्यानडल्याला कुणाचीही संध्याकाळ करीन असं कबूल केलं तेव्हा त्या गप्प झाल्या.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. मुलगी जेवायची नाही. एसटीचा आवाज आला की खिडकीत जायची. मी भात कालवला की म्हणायची, ‘बाबा असा नाही करत.’ वेणी घालताना एवढं रडायची की खालून मालकीणबाई विचारायच्या, ‘काय झालं लेकराला? बाप न्हाय म्हणून झुरतंय वाटतं.’ मी खिडकी लावून घ्यायचे.

आणि मग हळूहळू बदल झाला. एक दिवस मी घाबरत घाबरत फणी फिरवली तर ती रडली नाही, नुसते डोळे मिटून बसली. एका संध्याकाळी उपमा खाऊन आपणहून म्हणाली, ‘आई, मस्त झालाय.’ दुपारी मी गोष्ट सांगायला लागले की पाच मिनिटांत गाढ झोपायला लागली. काय सांगू मला काय वाटलं ते! मी बोर्डावर सगळ्यांना सांगत सुटले. सुपरवायझर बाईंनाही सांगितलं. जिना चढताना मला गाणं सुचायचं. शेवटी पोर आईकडंच वळतं, असं मी मनात हजारदा म्हटलं असेल. नवरा शनिवारी यायचा, ती पळत जाऊन त्याच्या गळ्यात पडायची, तेव्हा मी उगाच आत भांडी आवरायला जायचे. पण रविवारी रात्री तो बॅग भरायचा, आणि मला आतून बरं वाटायचं. असं बरं वाटून घेणारी बाई मी होते.

एकच खडा दाताखाली यायचा, तो म्हणजे गुरुवारचा फोन. दर गुरुवारी पाचला तो करमाळ्याच्या पोस्टातून मालकीणबाईंच्या घरी फोन करायचा. तीन मिनिटांचा कॉल. त्यातली अडीच मिनिटं मुलीची आणि माझ्या वाट्याला ‘बरं आहे ना? ठेवतो’. ती भिंतीकडं तोंड करून हळू आवाजात बोलायची, ‘हो… नाही… हो, सांगितलं…’ मी विचारायचे, ‘काय म्हणत होता बाबा?’ ती म्हणायची, ‘काही नाही.’ पाच वर्षांची पोर, आणि माझ्यापासून लपवते! मग त्या संध्याकाळी माझं कुणाशी बोलणं व्हायचं नाही. भांडी जोरात आपटली जायची. ती येऊन माझ्या गळ्यात पडायची, माकडासारखी तोंडं करून दाखवायची, ‘आई हस ना’ म्हणायची. मला वाटायचं, किती लाघवी आहे माझी पोर.

उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची ऑपरेटर लग्नाला गेली होती, कबूल केल्याप्रमाणं तिची ड्यूटी माझ्यावर आली. मुलगी खाली मालकीणबाईंकडं होती. मी करमाळा-बार्शीच्या बाजूला बसले होते. पाचला करमाळ्याचा दिवा लागला. ‘सोलापूर, पीसीओ कॉल आहे, नंबर घ्या,’ तिथला ऑपरेटर म्हणाला आणि त्यानं नंबर सांगितला. तो मला पाठच होता. तोपर्यंत गुरुवार माझ्या लक्षातच नव्हता.

मी जोडलं. पलीकडं मालकीणबाईंनी उचलला आणि ‘आला गं तुझ्या बाबाचा’ म्हणून हाक मारली. दोन्हीकडून हॅलो झालं, की ऑपरेटरनं ऐकायची कळ बंद करायची असते. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, हा आमच्याकडं पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. इतक्या वर्षांत मी तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला.

‘ए बाबा!’

‘बोल चिमणे. आज वेणी कुणी घातली?’

‘आईनं.’

‘दुखलं?’

‘लई दुखलं.’

‘रडलीस का?’

‘नाही. तू सांगितलंयस ना, आई शिकतेय म्हणून.’

‘शाब्बास. आणि उपमा?’

‘खारट होता. पण मी मस्त म्हटलं.’

‘आणि दुपारची गोष्ट?’

‘तिची गोष्ट लांबते बाबा. मी डोळे मिटून घेते. मग तिला बरं वाटतं.’

माझे कान तापले. हेडफोन काढून फेकावासा वाटला. म्हणजे हे सगळं त्यानं दिलेलं होतं! चार महिने मी ज्याच्यावर नाचत होते ते त्यानं करमाळ्याच्या पोस्टात उभं राहून, गुरुवारच्या गुरुवारी, शिकवून पाठवलेलं होतं. मी त्याला घरातून घालवला आणि तो तिथून माझ्या मुलीला माझ्याकडं वळवत होता. आणि तिथंही तो माझ्यापेक्षा चांगलाच निघाला. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही. दोरी उपटून टाकायला माझा हात पुढं गेला होता, खोटं सांगत नाही.

तेवढ्यात ती म्हणाली, ‘ए बाबा, तू आता फोन करू नको.’

‘का गं?’

‘तुझा फोन आला की आई बोलत नाही. मग मला तिला हसवावं लागतं. खूप वेळ लागतो.’

लाइनीत नुसती खरखर होती. मला वाटलं, आता समजावेल, काहीतरी युक्ती सांगेल, त्याच्याकडं असतेच. तो म्हणाला, ‘बरं. नाही करणार.’

‘तू रडू नको,’ ती म्हणाली. ‘मी पण नाही रडत.’

घड्याळात तीन मिनिटं झाली होती. अशा वेळी ऑपरेटरनं मधे बोलायचं असतं, तीन मिनिटं झाली, पुढं चालू ठेवायचं का. एवढंच बोलायचं, दुसरा शब्द नाही. सुपरवायझर बाई माझ्या पाठीमागून चालल्या होत्या. मी तोंड उघडलं तर माझा तो गोड आवाज निघेचना.

‘चालू ठेवा,’ मी म्हटलं. ‘बोला दोघं. आणि पुढच्या गुरुवारीही करा. दर गुरुवारी करा.’

मुलगी म्हणाली, ‘आई? तू कुठं आहेस?’

‘ड्यूटीवर,’ मी म्हटलं आणि कळ बंद केली.

बोलणारे फोन ठेवतात तेव्हा दोरीजवळ एक बारीक दिवा लागतो. ती दोघं पुढं किती वेळ बोलली, काय बोलली, मला आजतागायत माहीत नाही. मी दुसरे कॉल घेत होते आणि माझी नजर त्या दिव्यावर होती. हेवा गेला नव्हता. लाग की आता, लाग की, असं मी मनात सारखं म्हणत होते. हात मात्र मी मांडीवर धरून ठेवला.